यादीतलं आठवं नाव

१

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दाजीला संघातून सोडल्याचं जाहीर झालं, आणि दाजीसकट सगळ्यांना ते मोबाइलवरच कळलं.

हंगाम संपून नऊ दिवस झाले होते. कोणते खेळाडू ठेवले आणि कोणते सोडले, याची यादी प्रत्येक फुटबॉल क्लबने त्या सोमवारी दहाच्या आत लीगच्या कार्यालयात पाठवायची होती. एकदा सोडलेला खेळाडू त्याच क्लबला त्या वर्षी परत घेता येत नाही. सोडायची भीती घालून क्लबांनी खेळाडूंना वाकवू नये, म्हणून हा नियम. हेतू चांगला होता, पण त्यात चुकीला जागा नव्हती.

यादी शुक्रवारीच ठरली होती. प्रशिक्षक, व्यवस्थापक, डॉक्टर आणि बाई असे चौघे साडेतीन तास बसले होते. बाई म्हणजे क्लबच्या आकडेवाल्या. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, आता अकरा वर्षं या संघाचा हिशोब ठेवत होत्या: कोण किती धावला, कुणाचे किती पास चुकले, कोणता गोल कुणाच्या चुकीने झाला. खेळाडू त्यांना बाई म्हणत आणि त्यांच्यासमोर जरा ताठ उभे राहत. शुक्रवारी त्यांच्या तक्त्यावरून सव्वीस जणांतले सात सोडायचे ठरले. दाजीवर चर्चा दोन मिनिटंसुद्धा झाली नाही. बचावफळीच्या मधोमध खेळणारा तो संघाचा स्टॉपर आणि कर्णधार. चौतिशी गाठली होती, तरी डोक्याने चेंडू परतवण्यात सगळ्या लीगमध्ये पहिला. आणखी एक वर्ष ठेवायचा, असं ठरून चौघांनी खाली सह्या केल्या.

आणि आता पडद्यावर सोडलेल्यांची आठ नावं दिसत होती. आठवं दाजीचं.

यादी टाइप करणारा कारकून घामाघूम झाला होता. आपण कागदावर होतं तेच पाठवलं, सह्या होत्याच, खाडाखोड साहेबांनीच केली असेल असं वाटलं, हे त्याने तीन वेळा सांगितलं. व्यवस्थापकांनी लीगला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं की सही आहे, वेळ गेली आहे, विषय संपला आहे. कागद कुणालाही दाखवू नका असं बजावून व्यवस्थापकांनी तो बाईंच्या खणात ठेवायला दिला.

दुपारी दाजी आला. त्याला पाहून कारकून उठून उभा राहिला.

दाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बस रे राजा, तुझी काय चूक,” म्हणाला. मग बाईंच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. एवढा सहा फुटांचा माणूस, पण हातातली टोपी शाळेतल्या मुलासारखी चुरगाळत होता.

“बाई, मी इथे चौदा वर्षं खेळलो. मला काढायचं होतं तर तोंडावर सांगायचं. हे कोणी केलं ते मला कळायला हवं. तुम्ही शोधा. तुमचे आकडे कधी चुकत नाहीत.”

बाईंनी हो म्हटलं. तो निघाला तेव्हा त्या खिडकीतून बघत होत्या. तो फाटकाजवळ पोचायच्या आधीच वॉचमनने उठून फाटक उघडलं आणि सलाम केला. आता हा उद्यापासून इथला नाही, हे वॉचमनच्या हाताला अजून कळलं नव्हतं.

मग बाईंनी खणातला कागद काढून नीट पाहिला, आणि त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. ही खाडाखोड रागाने केलेली नव्हती. फार विचार करून केलेली होती.

२

शुक्रवारच्या खुणा बॉलपेनने केलेल्या होत्या. दाजीच्या नावापुढची ‘राहणार’ची खूण मात्र जाड काळ्या मार्करने कापून ‘जाणार’खाली नवी केली होती. शाई कागदातून पलीकडे फुटली होती.

एवढंच असतं तर कुणी वैऱ्याने केलं म्हणता आलं असतं. पण खाली बेरजेतसुद्धा त्याच मार्करने सातचे आठ आणि एकोणिसाचे अठरा केले होते. त्याखाली ‘पुढच्या हंगामाची गरज’ असा चौकोन होता. शुक्रवारी त्यात आघाडीवीर दोन, उजवा बचावपटू एक आणि गोलरक्षक एक असं लिहिलं होतं. स्टॉपरपुढे शून्य होतं. ते शून्य कापून एक केला होता, आणि शेजारी मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात एक शब्द होता: ‘डावखुरा’.

बाईंनी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. खोडी काढणारा मुलगा बेरीज सुधारत बसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ज्याने दाजीला काढलं त्याला दाजीच्या जागी कोण लागेल याचीही काळजी होती. दाजी डाव्या पायाचा. त्याच्या जोडीचा दुसरा स्टॉपर उजव्या पायाचा. म्हणून नवीन माणूस डावखुराच हवा. हे ज्याला कळतं तो संघाच्या आतला होता.

मंगळवारी सकाळी त्यांनी चौकशी सुरू केली. व्यवस्थापकांचा संशय प्रशिक्षकांवर होता. प्रशिक्षकांना तरुण पोरं हवी असतात, असं त्यांचं म्हणणं. प्रशिक्षकांना व्यवस्थापकांचीच खात्री होती, कारण प्रवासाच्या वेळांवरून दाजीने त्यांच्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं आणि त्यावर सगळ्या संघाच्या सह्या घेतल्या होत्या. दोघांनीही एकमेकांबद्दल बरंच काही सांगितलं, पण ते कामाचं नव्हतं. प्रशिक्षक शुक्रवारी बैठकीतून थेट वडिलांच्या गावी गेले होते आणि रविवारी परतले होते. व्यवस्थापक शनिवारी पहाटेपासून इस्पितळात होते, मुलीच्या बाळंतपणाला. नात झाली होती. तिचे अठरा फोटो त्यांनी बाईंना दाखवले.

कागद शुक्रवार संध्याकाळपासून व्यवस्थापकांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ट्रेमध्ये होता. खोलीला कुलूप नसे. शुक्रवारी व्यवस्थापक सगळ्यांत शेवटी निघाले होते, रविवारी पूर्ण इमारत बंद होती, आणि सोमवारी कारकुनाने आल्या आल्या यादी टाइप केली होती. म्हणजे जे झालं ते शनिवारी.

बाई फाटकावर गेल्या. वॉचमनकाकांनी वही पुढे केली. शनिवारच्या पानावर दोनच नावं होती. डॉक्टर, साडेनऊ ते अकरा. गोलरक्षक, सव्वादहा ते पावणेअकरा.

“आणखी कोण आलं होतं?”

“कुणी नाही बाई. वहीत आहे तेवढेच.”

गोलरक्षक, संघातल्यांचा गोली, म्हणजे दाजीच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो संघात आला तेव्हा कर्णधाराला मैदानातही दाजी म्हणूनच हाक मारायचा. आधी पोरं हसली, मग तीही म्हणू लागली, पुढे प्रेक्षकही. गेल्या काही महिन्यांत या दोघांचं पटत नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शेवटच्या सामन्यानंतर मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्यात गोली दाजीवर ओरडला होता, आता पुरे करा म्हणून.

बाई वही परत देत होत्या तेवढ्यात वॉचमनकाका घुटमळले. सांगावं की नको असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग हळूच म्हणाले की गोली त्या दिवशी वरच्या मजल्यावरून खाली आला तेव्हा त्याच्या हातात एक जाड मार्कर होता, आणि तो रडत होता.

३

बाई गोलीला लगेच भेटल्या नाहीत. शाळेत त्यांची एक सवय होती. ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशय, त्याला शेवटी बोलवायचं.

डॉक्टर औषधांच्या खोलीत खोकी बांधत होते. शनिवारीही तेच करत होतो, म्हणाले. वर गेलोच नाही. कोण आलं, कोण गेलं, दिसलं नाही. सगळं ठीक होतं, पण ते बोलताना चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले आणि ते त्यांना सापडेना.

बाईंना शुक्रवारची बैठक आठवली. प्रत्येक खेळाडूचं नाव आलं की डॉक्टर एकच शब्द म्हणत: तंदुरुस्त, किंवा नाही. दाजीच्या नावाला मात्र ते म्हणाले होते, “शरीर ठणठणीत आहे.” तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाईंनी तेच विचारलं. त्याच्या एकट्याच्या बाबतीत ‘शरीर’ का म्हणालात?

डॉक्टर खोक्यावर बसले. “तुम्ही शरीराबद्दल विचारलंत, मी शरीराबद्दल सांगितलं. बाकीचं मी बोलू शकत नाही, बाई. ज्याचं आहे त्याने परवानगी दिलेली नाही.”

म्हणजे ‘बाकीचं’ काहीतरी होतं. यापुढे डॉक्टर बोलणार नाहीत हे बाईंना कळलं, आणि त्यांनी न बोलण्यातच त्यांचा मान आहे हेही कळलं. पण एक गोष्ट त्या तिथून घेऊन निघाल्या. डॉक्टरांना हाडं, स्नायू, रक्त कळत होतं. डाव्या पायाच्या स्टॉपरशेजारी उजव्या पायाचा का लागतो, हे त्यांना अकरा वर्षांत कळलेलं नव्हतं. ते सामना बघताना वर्तमानपत्र वाचत.

त्या आपल्या खोलीत आल्या आणि हंगामाचे सगळे सामने पुन्हा लावून बसल्या. या वेळी चेंडूकडे पाहायचं नाही, फक्त दाजीकडे पाहायचं, असं ठरवून.

मध्यावरच्या एका सामन्याला त्यांनी पडदा थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला. आणि मग आपलाच तक्ता उघडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आकडा चुकला होता, आणि त्या चुकीने एका माणसाचं घर उठलं होतं.

४

हंगामाच्या मध्यावर गोलीच्या बोटाला लागलं होतं. दोन सामने त्याच्या जागी राखीव गोलरक्षक खेळला आणि कॉर्नरवरून, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून आलेल्या चेंडूंवर, तीन गोल खाऊन बसला. बाईंनी ते तिन्ही त्याच्या नावावर मांडले होते. शुक्रवारी सोडलेल्या सात जणांत त्याचं नाव पहिलं होतं, ते या तीन गोलांवरूनच.

आता दिसत होतं ते वेगळं. कॉर्नरला दाजीची जागा ठरलेली असे, गोलच्या लांबच्या खांबाजवळ. तिन्ही वेळा तो जवळच्या खांबाशी उभा होता, आणि लांबचा खांब मोकळा होता. राखीव गोलरक्षक काहीतरी ओरडत होता, पण दाजी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवत होता.

बाकीच्या सामन्यांत दाजी बरोबर उभा राहत होता. का, ते बाईंना पुढच्या तासाभरात दिसलं. जानेवारीपासून प्रत्येक कॉर्नरला दाजी आधी वळून गोलीकडे बघत होता. गोली बोटाने जागा दाखवत होता, मग दाजी तिथे जात होता. एकदाही चुकवलं नाही. बाईंनी याला ‘गोलरक्षकाचं नेतृत्व’ म्हणून दहापैकी नऊ गुण दिले होते.

मग एकेक सुचत गेलं. मध्यंतरानंतर दाजी एकदा पहिल्या अर्ध्यातल्याच बाजूला जाऊन उभा राहिला होता. प्रेक्षकांना गंमत वाटली, त्यानेही हसून हात हलवला होता. मनगटाच्या पट्टीवर तो काहीतरी लिहून येत असे. शेवटच्या सामन्यात एका फोटोत ते वाचता येत होतं. समोरच्या आघाडीवीराचा क्रमांक, आपल्या जोडीदाराचं नाव. बारा वर्षं शेजारी खेळणाऱ्या जोडीदाराचं नाव. जाड, काळ्या मार्करने. आणि सगळ्यांना तो राजा म्हणायचा. कारकुनाला राजा, प्रशिक्षकांच्या मुलाला राजा. प्रेमळ माणूस, असंच सगळे समजत होते.

बाईंनी गोलीला बोलावून घेतलं. पडद्यावर कॉर्नरचं चित्र थांबवून ठेवलं होतं. त्याने ते पाहिलं आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

डोक्याने चेंडू मारून मारून हा विसरण्याचा आजार झाला, असं डॉक्टर म्हणाले होते, त्याने सांगितलं. चौदा वर्षं, सामन्यात आणि सरावात. बरं होणार नाही, थांबलं तर निदान लवकर वाढणार नाही. बहिणीच्या, ताईच्या, सगळ्यांत आधी लक्षात आलं. दाजी एकदा घरातून निघून तासाने परत आले आणि मैदानाचा रस्ता विचारू लागले. ताईने पाय धरले, तरी ते एकच म्हणत, हा हंगाम होऊ दे. हंगाम झाला तर म्हणाले, एकच वर्ष. कुणाला सांगितलंत तर तोंड बघणार नाही, अशी शपथ घातली होती.

“मग तू शनिवारी वर गेलास.”

“गेलो. त्यांचं नाव मीच कापणार होतो. शपथ सांगायची नाही अशी होती, कापायचं नाही अशी नव्हती.” त्याने डोळे पुसले. “पण बाई, मी खोलीत गेलो तेव्हा नाव आधीच कापलेलं होतं. कागदावर आपल्या ड्रेसिंग रूमचा मार्कर पडला होता, टोपण उघडं. खेळाडूंवर आळ येऊ नये म्हणून मी तो उचलून आणला. कुणाचे उपकार मानावे ते मला अजून कळलेलं नाही.”

५

त्याचं खरं मानायला बाईंना वेळ लागला नाही. खोटं बोलणारा माणूस मार्कर सापडल्याचं स्वतःहून सांगत नाही.

मग उरलं काय? सव्वादहाच्या आधी कुणीतरी ड्रेसिंग रूममधून मार्कर घेऊन वर गेलं होतं. डॉक्टर तेव्हा इमारतीत होते, पण ‘डावखुरा’ त्यांना सुचणार नव्हतं. प्रशिक्षक आणि व्यवस्थापक लांब होते. कारकुनाला सुट्टी होती. वहीत तिसरं नाव नव्हतं.

बुधवारी सकाळी बाई नेहमीप्रमाणे फाटकावर सही करत होत्या. अकरा वर्षं त्या रोज ही सही करत आल्या होत्या. पेन खाली ठेवता ठेवता त्या थांबल्या. काल त्यांनी विचारलं होतं, आणखी कोण आलं होतं. काकांनी वही पाहून उत्तर दिलं होतं. प्रश्नच चुकला होता.

“काका, शनिवारी तुम्ही फाटक किती वेळा उघडलंत?”

काकांनी आठवून पाहिलं. डॉक्टरांसाठी, गोलीसाठी, आणि त्याआधी दाजींसाठी. दाजी नऊच्या सुमारास चालत आले आणि डॉक्टर यायच्या आत गेले.

“त्यांची सही नाही वहीत.”

“दाजींची सही?” काकांना प्रश्नच कळला नाही. “त्यांना कोण विचारतं बाई? ते आपलेच. ते आले म्हणजे कुणी आलं असं वाटतच नाही.” मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसले. “त्या दिवशी फार छान बोलले. मला नावाने हाक मारली. थंडीपासून राजा राजाच चाललं होतं, मला वाटलं विसरले की काय माझं नाव. मुलीच्या परीक्षेचंसुद्धा विचारलं.”

बाईंनी वही मिटली. शनिवारी सकाळी दाजीला सगळं आठवत होतं. वॉचमनचं नाव, त्याची मुलगी, स्वतःचा आजार, आणि आपण गेल्यावर संघाला कोण लागेल हेही. त्या एका लख्ख तासात त्याने आपलं नाव स्वतः कापलं होतं, बेरीज सुधारली होती आणि घरी निघून गेला होता.

आणि सोमवारी तोच माणूस त्यांच्या टेबलासमोर उभा राहून विचारत होता, हे कोणी केलं. तो नाटक करत नव्हता.

६

दुपारी बाई त्याच्या घरी गेल्या. दार ताईने उघडलं. दाजीची बायको, पण गोलीमुळे साऱ्या संघाची ताईच. मागे दिवाणखान्यात एक मोठी बॅग अर्धी भरलेली होती.

ताईने हळू आवाजात जे सांगितलं ते बाईंच्या हिशोबात कुठेच नव्हतं. काल दुसऱ्या एका क्लबची माणसं येऊन गेली. मोकळा झालेला कर्णधार, लीगमध्ये सगळ्यांत जास्त हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारणारा. ते तर वाटच बघत होते. दाजी रागात होता. आपल्याच लोकांनी पाठीत वार केला, आता त्यांना दाखवतोच, म्हणाला आणि सही करून मोकळा झाला. दोन वर्षांची.

दाजी आतून आला, खुशीत. बाईंना खुर्ची दिली. सापडला का तो, म्हणून विचारलं.

बाईंनी कागद त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. वॉचमनकाकांपासून सुरुवात केली. वर्गात अवघड गणित सोडवताना बोलायच्या तशाच सावकाश बोलल्या.  शेवटी त्याने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘डावखुरा’. दोन्ही ‘ड’ सारखे होते, सहाच्या आकड्यासारखे, शेपटी आत वळलेली.

त्याने दोन्ही शब्दांवरून बोट फिरवलं.

“शनिवारी मी बराच शहाणा होतो म्हणायचं,” तो म्हणाला.

ताई रडायला लागली. त्याने तिला जवळ घेतलं. बाईंना वाटलं, झालं, सुटलं. त्या म्हणाल्या की अजून वेळ आहे, त्या क्लबला कळव, डॉक्टर तुझ्या बाजूने लिहून देतील, फक्त तू हो म्हण.

“नाही,” दाजी म्हणाला.

तो रागावलेला नव्हता. खेळाडूंना समजावताना बोलायचा तसा बोलत होता. “बाई, तुम्ही म्हणता म्हणून मी मानतो की तो मीच होतो. पण मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. नऊ वाजता फाटकातून गेलो ते नाही, मार्कर घेतला ते नाही. त्याने काय विचार केला ते मला माहीत नाही. मी त्याचं का ऐकू? मला एवढंच माहीत आहे की आज मला बरं वाटतंय आणि मला खेळता येतं. हे गेलं तर घरी बसून मी विसरायचंच काम करणार ना? मग मैदानात विसरतो.”

ताई म्हणाली, “आणि मला विसरलात तर?”

त्याने पेन्सिल जागेवर ठेवली, आणि बाईंसाठी चहा ठेवायला तो स्वतः आत गेला. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. शेवटी ताई उठून त्याला कपाट दाखवायला गेली.

७

बाईंनी जमेल ते सगळं केलं. डॉक्टरांना भेटल्या. डॉक्टरांनी दाजीला दोनदा फोन केला होता, दोन्हीदा त्याने परवानगी नाकारली होती. नव्या क्लबच्या डॉक्टरांनी त्याचे गुडघे तपासले, हृदय तपासलं, रक्त तपासलं. तपासणी सकाळी झाली आणि दाजीच्या सकाळी चांगल्या असत.

मग बाईंनी त्या क्लबच्या आकडेवाल्याला फोन लावला. ओळखीचा होता, त्यांनाच मानायचा. त्यांनी कॉर्नरचं सांगितलं, वळून बघण्याचं सांगितलं. तो अवघडला. डॉक्टरांचं काही पत्र आहे का, त्याने विचारलं. नव्हतं. मग तो म्हणाला की आम्ही तर तुमच्याच तक्त्यावरून त्याला घेतला, बाई. एका हंगामात तीनशे बारा हेडर, तुम्हीच मोजलेले. आता आपला माणूस गेला म्हणून तुम्ही असं म्हणताय, असं आमच्याकडचे म्हणतील.

गोलीने प्रशिक्षकांकडे जाऊन आपल्यालाही सोडा म्हणून हात जोडले. जिथे दाजी तिथे मी, म्हणाला, मागे कुणीतरी हवं त्यांच्या. प्रशिक्षक वाईट माणूस नव्हते. पण राखीव गोलरक्षकाला सोडलेलं होतं, नवा मिळालेला नव्हता. एकुलता एक गोलरक्षक कोण सोडेल? त्यांनी हेच सांगितलं, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

त्या आठवड्यातच बाईंनी तक्ता दुरुस्त केला. ते तीन गोल राखीव गोलरक्षकाच्या नावावरून काढले. दुरुस्त कागद घेऊन त्या त्याच्या घरी गेल्या. त्याला अजून कुठे जागा मिळाली नव्हती, आणि नियमाप्रमाणे या क्लबलाही त्याला परत घेता येत नव्हतं. त्याने कागद उभ्या उभ्या वाचला. तेव्हा मी ओरडत होतो, एवढंच म्हणाला. मग कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि बाईंना कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

जूनमध्ये ताई आणि दाजी दुसऱ्या शहरात गेले. इकडे नवा स्टॉपर आला, डाव्या पायाचा. चांगला खेळत होता. त्याच्या हेडरांचा रकाना भरताना बाईंचा हात जड होई, पण भरावा लागे. दाजीच्या नव्या क्लबचे सामने त्या दुपारी टीव्हीवर बघत. कुणी सांगितलं नव्हतं तरी मोजत. पहिल्या सामन्यात नऊ. दुसऱ्यात चौदा. तो चुकीच्या जागी उभा राहिला की त्या खुर्चीवरून उठत आणि परत बसत. संघ जिंकत होता, आणि जिंकणाऱ्या संघाला कुणी काही विचारत नाही.

सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून दाजीने डोक्याने चेंडू बाहेर काढला. एक-शून्य. सगळा संघ त्याच्या अंगावर पडला. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला चषक मिळाला आणि तो हातात धरून तो कॅमेऱ्याकडे बघून छान हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताईचा फोन आला. बाईंनी अभिनंदन केलं, कारण दुसरं काय म्हणावं ते कळेना.

“बाई, हे आज पहाटेच उठले,” ताई म्हणाली. “बूट घालून दारात बसले. मला म्हणाले, बस किती वाजता येणार? सामना आहे ना आज. मी सांगितलं, सामना काल झाला. तर माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, कोण जिंकलं?”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, तुम्ही जिंकलात. म्हणाले, चला, बरं झालं. आणि बूट काढून आत जाऊन झोपले.”

बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. ताईही फोन ठेवत नव्हती. पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो बंद करायलाही ती उठली नाही.